डाव्या हाताची पानं

आमच्या पाकिटांवर नाव कुणाचंच नसायचं. वर गोधडीचं किंवा पडद्याचं चित्र, खाली कापड किती लागेल ते, आणि आत घडी घातलेले दोन कागद. एकावर आकार आखलेले, दुसऱ्यावर कसं शिवायचं ते लिहिलेलं. कापडवाल्यांच्या दुकानात गल्ल्याशेजारच्या तारेवर ती पाकिटं चिमट्यांनी लटकलेली असत. बायका कापड घ्यायला येत आणि पाकीट घेऊन जात. कित्येक घरांतल्या खिडक्यांना, उशांना, दिवाणांना आमचे नमुने होते, आणि त्या घरांत आम्हाला कुणी ओळखत नव्हतं. मला ते फार आवडायचं. वन्सना आवडायचं नाही. त्या म्हणायच्या, "निदान कोपऱ्यात एक टिंब तरी काढू दे."

वन्स म्हणजे माझी थोरली नणंद. लग्न केलं नाही, भावाच्या घरात राहिली आणि मागच्या खोलीतल्या लांब टेबलावर आयुष्यभर आकार काढत राहिली. मी लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या बाईशी जमवून घ्यायला मला जन्म लागेल. महिनाभरात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला माझी खुर्ची लागली होती. त्या आकार काढायच्या, मी सूचना लिहायची. मला चित्र काढता येत नव्हतं आणि त्यांना दोन ओळी धड लिहिता येत नव्हत्या. त्यांनी लिहिलेली सूचना अशी असायची: "मग नेहमीसारखं जोडा." मी विचारायची, ज्या बाईनं कधी जोडलंच नाही, तिचं नेहमीसारखं म्हणजे काय?

याच प्रश्नातून आमची रीत पडली. कुठलाही नमुना पाकिटात जाण्याआधी तो घाईबाईनं शिवून बघायचा. घाईबाई आमची शेजारीण. तिला सगळेच त्या नावानं हाक मारत आणि तिला त्याचं काही वाटत नसे. आमच्या गल्लीत तिच्याइतकं वाईट कुणी शिवत नव्हतं. सूचना ती अर्धी वाचायची, उरलेली अंदाजानं भरून काढायची. तिच्या हातून जे नीट झालं ते कुणाच्याही हातून नीट होणार, हा आमचा हिशेब. एकदा आम्ही किटलीवर घालायची कापडी टोपी काढली होती. घाईबाईनं ती शिवली, किटलीवर चढवली आणि तोटीसाठी ठेवलेलं भोक नेमकं कानाच्या बाजूला आलं. आम्ही हसलो, पण मी सूचना वाचून बघितली तर चूक माझी होती. कुठली बाजू पुढची ते मी लिहिलंच नव्हतं. घाईबाईनं ती टोपी फेकली नाही. पुढची कित्येक वर्षं ती चहा ओतताना किटलीची टोपी उलटी फिरवायची आणि म्हणायची, "माझी किटली डोक्यानं जरा कमी आहे."

असे एकेचाळीस नमुने झाले. बेचाळिसावा व्हायच्या आधी वन्सची उजवी बाजू गेली.

दवाखान्यातून घरी आल्या तेव्हा पाय थोडा ओढत चालत होत्या. बोलणं आधी परतलं आणि त्यात टोमणे सगळ्यात आधी. पण उजवा हात नाही परतला. मांडीवर ठेवला की तो तिथेच राहायचा. व्यायाम शिकवायला बाई यायची. ती म्हणायची, डाव्या हाताला कामाला लावा, नाहीतर तोही रुसून बसेल. वन्स तिच्या समोर चेंडू दाबायच्या आणि ती फाटकाबाहेर पडली की चेंडू खिडकीत ठेवून द्यायच्या. मागच्या खोलीत जायच्याच नाहीत. स्वयंपाकघराकडून न्हाणीघराकडे जाताना वाटेत त्या खोलीचं दार लागायचं, तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून जायच्या.

मग एका सोमवारी जेवताना त्यांनी सांगून टाकलं. "टेबल मास्तरांना देऊन टाकलंय. शुक्रवारी न्यायला येतील."

मास्तर म्हणजे कापडवाल्यांच्या दुकानातले कापड बेतणारे मास्तर. त्यांना मोठं टेबल हवं होतं, हे खरं.

"मला विचारायचं तरी," मी म्हणाले.

"टेबल माझं आहे, वहिनी."

"आणि माझी खुर्ची?"

"खुर्ची ठेव की. खुर्चीवर बसायला टेबल कशाला लागतं?"

यांनी ताटातून डोकं वर काढलं, दोघींकडे बघितलं आणि परत खाली घातलं. बहीण आणि बायको यांच्या मध्ये न पडण्यात यांचा हातखंडा होता.

त्या दिवशी मी भांडी घासताना मनाशी खरं काय ते कबूल केलं. वन्सची काळजी होतीच. टेबल गेलं की त्या खिडकीत बसणार आणि तिथेच विझत जाणार, हे मला दिसत होतं. पण त्याहून मला माझी भीती वाटत होती. सव्वीस वर्षं मी त्या टेबलाच्या टोकाला बसून लिहिलं होतं. आकार नसले तर मी लिहिणार कशाविषयी? शुक्रवारपर्यंत त्यांना त्या खोलीत परत आणायचं, नाहीतर दोघींचंही संपलं.

मंगळवारी मी आयुष्यात पहिल्यांदा नमुना काढायला बसले. पायांवर घ्यायची लहान गोधडी. प्रत्येक चौकोनावर एक पान, कडा दुमडून टाचायचं. पानच का, तर मला तेवढंच काढता येत होतं. तेही सरळ येईना. देठ लांब आणि वाकडा, पोट एका बाजूला सुटलेलं. सतरा कागद फाडले आणि अठरावं पान पुठ्ठ्यावर उतरवून कापलं. मग कागदावर सगळी मांडणी आखून बघितली: चोवीस चौकोन, चोवीस पानं, सगळी एकाच बाजूला कललेली. लांबून बघितलं तर माणसं बसथांब्यावर एकाच दिशेला माना वळवून उभी असावीत, तसं दिसत होतं. वाईट होतं, मला कळत होतं. पण माझ्या दृष्टीनं ते वाईट असणंच बरं होतं. चांगल्या नमुन्याला वन्स "छान" म्हणून वाटेला लावतील. वाईट बघून त्यांना राहवणार नाही.

घाईबाईला मी कुंपणावरून सांगितलं, "या वेळी तू नाही शिवायचं."

"का गं? मी काय केलं?"

"काही नाही. या वेळी दुसरं कुणी बघणार आहे."

ती तोंड फुगवून आत गेली.

बुधवारी सकाळी मी पुठ्ठ्याचं पान, पेन्सिल आणि एकाच बाजूनं छापलेल्या हिरव्या कापडाचे तुकडे घेऊन वन्सच्या खिडकीशी गेले. "नमुना केलाय. शिवून बघायला कुणी तरी हवं."

"घाईबाई मेली की काय?"

"तिला नाही दिला."

"का?"

"ती आता फार चांगली शिवते. इतकी वर्षं शिवतेय. आपल्याला अजिबात न जमणारं कुणी तरी पाहिजे."

वन्सनी माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता चेंडू अंगावर येतो. पण त्यांनी पुठ्ठा डाव्या हातात घेतला, उजेडाकडे धरला. "हे पान आहे?"

"हो."

"मला वाटलं चमचा." मग जरा वेळानं, "तुझं हे धाडस बघून तरी उठायला पाहिजे."

त्या मागच्या खोलीत आल्या. टेबलाशी बसल्या. पण लगेच अडलं. कापडावर साचा ठेवून कडेनं पेन्सिल फिरवायची तर एका हातानं साचा दाबायला लागतो. मी दाबायला पुढे झाले तर म्हणाल्या, "हात काढ. तू दाबलंस तर शिवून बघणारी मी कशी?" त्यांनी डाव्या हातानं उजवा हात मनगटाशी धरून उचलला आणि वाणी तराजूत वजन ठेवतो तसा पानाच्या देठावर ठेवला. हात तिथेच राहिला. निदान साचा हलला नाही. त्यांनी पेन्सिल फिरवली. रेघ थरथरती, दोनदा तुटलेली, पण पान पुरं झालं.

मी माझ्या टोकाला बसून बारा आखली, त्यांनी बारा. मला पाऊण तास लागला, त्यांना सबंध दुपार. कापायचं काम मी घेतलं, कारण उजव्या हातासाठी बनवलेली कात्री डाव्या हातात धरली की कापड पात्यांमध्ये नुसतं दुमडतं.  

गुरुवारी सकाळी पानं चौकोनांवर मांडायला घेतली तेव्हा माझ्या लक्षात आलं. वन्सची सगळी पानं उलटी होती. माझी उजवीकडे कललेली, त्यांची डावीकडे. त्यांचा उजवा हात देठावर यायला हवा होता, म्हणून त्यांनी साचा नकळत पालथा घातला होता. डावीकडचा देठ उजवीकडे आला, हाताखाली नीट बसला, आणि पान फिरलं. साचा कुठल्या तोंडानं ठेवायचा ते मी सूचनेत लिहिलंच नव्हतं. सव्वीस वर्षं लिहूनही परत तीच किटलीची टोपी.

मी पानं घाईघाईनं गोळा करायला लागले. पण त्या दारात उभ्या होत्या.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "दिसलं मला."

"चूक माझी आहे. मी लिहिलं नव्हतं."

"चाळीस वर्षं आकार काढतेय मी. साचा सरळ की पालथा, ते मला लिहून सांगायला लागतं?" त्यांचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "प्रयत्न केलास, वहिनी. बरं वाटलं. उद्या टेबल जाऊ दे."

त्या खिडकीत जाऊन बसल्या. मी टेबलाशी पानांचा ढीग समोर घेऊन बसले. हिरवं कापड आणखी उरलं नव्हतं, आणि असतं तरी काय उपयोग होता?

दुपारी घाईबाई आली. फुगलेलं तोंड तसंच होतं, पण कुतूहल त्याहून मोठं. "बघू तरी," ती म्हणाली, "माझ्यापेक्षा वाईट शिवणारी कोण मिळाली तुम्हाला."

"मी," वन्स पलीकडच्या खोलीतून म्हणाल्या.

घाईबाईनं दारातून तिकडे डोकावून बघितलं. मग म्हणाली, "ताई, माझं एवढं एक नाव होतं, तेही घेतलंत."

वन्स हसल्या. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा. तोंडाची एकच बाजू हसली, पण हसल्या.

घाईबाईला रिकामे हात ठेवून बसता येत नाही. बोलता बोलता तिनं ढिगातली पानं उचलून चौकोनांवर टाकायला सुरुवात केली. कुठलं कुणाचं ते तिनं बघितलं नाही. विचारून करणं तर तिच्या स्वभावातच नव्हतं. एक माझं पडलं, शेजारी एक वन्सचं. मग दोन माझी, मग परत एक वन्सचं. ती यांच्या खोकल्याबद्दल विचारत होती. मी उत्तर द्यायची थांबले, कारण टेबलावर काही तरी होत होतं. जिथे माझ्या पानाशेजारी त्यांचं पान आलं होतं, तिथे दोन्ही एकमेकांकडे झुकली होती. दोन बायका कुंपणावरून बोलताना झुकतात तशी. बसथांबा गेला होता.

"वन्स," मी हाक मारली. "जरा येता?"

"आता काय?"

"या तर."

त्या आल्या. पाय ओढत, कुरकुरत. टेबलाकडे बघितलं.  घाईबाईसुद्धा गप्प राहिली, यावरून काय ते समजा.

मग वन्सनी डाव्या हातानं एक पान सरकवलं. "देठ भिडले पाहिजेत," त्या म्हणाल्या. "असे. एका फांदीवर आल्यासारखे." दुसरं सरकवलं. तिसरं. "आणि हे पोट फार सुटलंय. वहिनी, तुझं पान आहे हो हे, काही झालं तरी चमचाच. पेन्सिल कुठे आहे?"

मी पेन्सिल दिली. त्यांनी उजवा हात उचलून कोऱ्या पुठ्ठ्यावर वजनासारखा ठेवला, आणि डाव्या हातानं माझ्या पानाचं पोट आत घेतलं. रेघ थरथरतच होती. "थरथर राहू दे," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "पानाची कड कुठे सरळ असते?"

शुक्रवारी मास्तर हातगाडी आणि दोरी घेऊन आले. मी दार उघडलं, पण त्यांच्याशी काय बोलायचं ते मला ठाऊक नव्हतं. रात्रीतून वन्सचं मन परत फिरलंही असेल. मास्तर आत आले. टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेलं होतं. चौकोन, पानं, टाचण्या, कागद. वन्स मध्ये बसल्या होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

"आज नाही जमायचं, मास्तर," त्या म्हणाल्या. "पसारा आहे."

"मग कधी येऊ?"

"पसारा उठला की सांगते."

मास्तर दोरी गुंडाळत गेले. त्यानंतर वन्स अकरा वर्षं होत्या आणि आमचे आणखी चौदा नमुने झाले. मास्तर दुकानात भेटले की दर वेळी विचारायचे, "ताई, उठला का पसारा?" आणि वन्स म्हणायच्या, "आवरतेच आहे."

त्या बेचाळिसाव्या पाकिटातली सूचना मी चार वेळा लिहिली. शेवटी एक वाक्य टाकलं, ते आजही कुणाकडे तो कागद असेल तर वाचता येईल: अर्धी पानं साचा सरळ ठेवून आखावीत आणि अर्धी पालथा ठेवून, शक्य असल्यास ही दुसरी अर्धी दुसऱ्या कुणाकडून आखून घ्यावीत. कापडवाल्यांनी विचारलं होतं की हे शेवटचं कशाला, जागा खातं. वन्स म्हणाल्या, "खाऊ दे." आणि पाकिटाच्या चित्राखाली, कोपऱ्यात, डाव्या हातानं एक टिंब काढलं.