सासूबाईंनी घासलेलं चाक

सुनेने मशीनमधून काढलेलं दुसरं चाकही टेबलावर ठेवलं आणि कपाळाला हात लावला. दात झिजून सुरीसारखे झालेले, अंगभर ओरखडे, वर तापून आलेली निळी झाक. कोरडं फिरलेलं दातेरी चाक असंच मरतं. पण ग्रीस तर तिने स्वतः थापलं होतं! मग गेलं कुठे? गळती कुठेच नव्हती.

तिच्या नव्या वर्कशॉपचं हे पहिलंवहिलं काम. बेकरी सासूबाईंची, पीठ मळायचं मशीन सासूबाईंचं, त्यातलं चाक तेवढं सुनेने घडवलेलं. पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे विकलं गेलं, पण टिकेना.

"वहिनी, आता तिसरंही गेलं तर बाहेरून मागवू या," दीर म्हणाला. तो बिचारा सरळ मनाने बोलला, म्हणून जास्तच झोंबलं. घरातच चाक टिकलं नाही, तर बाहेरचं कोण काम देणार?

तिसरं चाक बसवून दुसऱ्याच दिवशी, न राहवून, ती दुपारी बेकरीत डोकावली. पाव संपले होते. सासूबाई बाह्या सारून मशीनचं झाकण उघडून बसल्या होत्या. शेजारी गरम पाणी, साबण आणि दात घासायचा जुना ब्रश. तान्ह्या बाळाला न्हाऊ घालावं तसा चाकाचा एकेक दात घासणं चाललं होतं.

"अहो आई! हे काय?"

"काय म्हणजे? काळंकुट्ट झालं होतं. रोज घासते मी."

"रोज?"

"मग! गिऱ्हाईक आलं की झाकण उघडून दाखवते, माझ्या सुनेने केलंय म्हणून. तसलं घाणेरडं दाखवू?"

सून पिठाच्या पोत्यावर बसली आणि पोट धरून हसली. "अति तिथे माती, आई! त्या काळ्या ग्रीसवरच तर ते जगतं."

सासूबाईंचा चेहरा एवढासा झाला. "म्हणजे आधीची दोन मीच मारली?"

"कौतुकाने मेली हो," म्हणत सुनेने त्यांना साबणाच्या हातांसकट मिठी मारली. इतका आनंद तिला चाक टिकलं असतं तरी झाला नसता.

आता तिसरं चाक ग्रीसमध्ये बुडून सुखाने फिरतंय. झाकणाला कुलूप आहे, किल्ली सुनेकडे. पहिलं झिजलेलं चाक गल्ल्यामागच्या भिंतीवर टांगलंय आणि सासूबाई ते मनसोक्त घासतात.

परवा गिरणीवाला पाव घ्यायला आला. चाकाची कहाणी ऐकून हसला, मग म्हणाला, "माझ्या गिरणीलाही एक करून देईल का सूनबाई?"

"देईल की," सासूबाई म्हणाल्या. "फक्त तुम्ही ते घासू नका."