शेवटच्या नळीचा रंग

लोईसचा कान बिघडलाय, हे पोल्डीला सगळ्यांच्या आधी कळलं. तो पियानो जुळवणारा. व्हिएन्नातल्या कितीतरी चांगल्या घरांतून तिच्या या धाकट्या भावाला बोलावणं यायचं. त्या वर्षी ईस्टरच्या थोडं आधी तो शेजारच्या बाईंचा पियानो जुळवून उठला आणि पोल्डीने जाता जाता एक पट्टी दाबली.

"लोईस, हा सूर उतरलाय."

"तुझा कान उतरलाय," तो हसला. "दिवसभर बाटल्या विसळणारी मला सूर शिकवतेय, ऐका!"

पण हे बोलताना त्याची जीभ दोनदा अडखळली. खिडकीच्या उजेडात त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या एक लहान, एक मोठी दिसत होत्या. इस्पितळाच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या बाईला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. लढाईच्या काळात कुठल्या तरी छावणीमागच्या गल्लीत लागलेला उपदंशाचा रोग वर्षानुवर्षं गप्प राहतो आणि मग मेंदूत शिरतो.

तिने त्याला गोडीगुलाबीने आपल्या इस्पितळातल्या डॉक्टर कोलिशांकडे नेलं. त्यांनी त्याच्या कण्यातून थोडं पाणी काढलं.

"रक्ताच्या तपासणीतून काही धड कळत नाहीये," ते पोल्डीला बाजूला घेऊन म्हणाले. "आता सोनं काय सांगतं ते बघू. रोग मेंदूपर्यंत पोचला असेल तर याला हिवताप टोचायचा. त्या तापाने रोग जळतो. पण लवकर टोचला तरच माणूस परत येतो."

"आणि ताप झेपला नाही तर?"

"तेही होतं. तुम्ही पाहिलंयच की."

पाहिलं होतं. तापाच्या खोलीतून चादरीखाली बाहेर जाणारी माणसं तिने पाहिली होती. ती चादर तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

सोन्याचं पाणी पोल्डीच करायची. तिच्या हातचं पाणी द्राक्षाच्या दारूसारखं लालचुटुक उतरायचं. त्यात सोन्याचे इतके बारीक कण तरंगत असत, की ते कुठल्या भिंगालाही दिसू नयेत. त्यात मीठ पडलं की कण एकमेकांना बिलगायचे, लाली जाऊन निळाई यायची आणि शेवटी सोनं तळाशी बसायचं. पण प्रथिन असलं तर ते प्रत्येक कणाभोवती अंगरख्यासारखं बसतं आणि मिठाला आत शिरू देत नाही. निरोगी माणसाच्या कण्यातल्या पाण्यात प्रथिनांचा मेळ असा असतो, की सोनं लालच राहतं. मेंदू सडायला लागला की तो मेळ बिघडतो आणि सोनं बसतं. रोग्याचं पाणी मिठाच्या पाण्यात कालवून काचेच्या नळ्यांच्या रांगेत भरायचं आणि वर सोनं ओतायचं; शेवटची नळी मात्र साक्षीदार. तिच्यात रोग्याचं काहीच नाही, नुसतं मीठ आणि सोनं. ती निळी व्हायलाच हवी, नाही तर सगळी तपासणी खोटी.

ईस्टरला पोल्डीने सुल्झ केली होती. डुकराचे पाय उकळून, त्यांचा रस गोठवून केलेली ती थरथरती वडी लोईसला जिवापाड आवडायची. बर्फाचं कपाट घरी कुणाकडेच नव्हतं, प्रयोगशाळेत होतं. म्हणून सणाच्या आदल्या दिवशी तिथल्या सगळ्याच बायका आपापली सुल्झ काचेच्या चंबूंत ओतून तिथे ठेवायच्या. डॉक्टर बघून न बघितल्यासारखं करायचे. नंतर चंबू तेजाबात बुडवून काढायचे, हा शिरस्ता. त्या वेळी तेजाब संपलं होतं. पोल्डीने चंबू गरम पाण्याने घासला. तो लख्ख दिसत होता.

त्याच चंबूत तिने लोईसच्या तपासणीसाठी मिठाचं पाणी कालवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळ्या नळ्या लाल होत्या. पोल्डी स्टुलावर बसली आणि हातरुमाल तोंडाला लावून हसली. मग तिची नजर शेवटच्या नळीवर गेली.

तीही लाल होती.

चंबू तिला लगेच आठवला. डुकराच्या पायांचा तो चिकट रस म्हणजे जिलेटिन, आणि सोन्याला जिलेटिनसारखा राखणदार दुसरा नाही. डोळ्याला न दिसणारा ओशटपणा पुरला होता. ही तपासणी लोईसची नव्हतीच, सुल्झची होती. कपाटात लोईसचं थोडं पाणी अजून शिल्लक होतं.

दार उघडलं. "काय म्हणतंय सोनं?" डॉक्टर कोलिश आतही आले नाहीत.

"लाल आहे. सगळ्यांत."

"आणि शेवटची?"

पोल्डी नळ्यांच्या आड उभी होती. "निळी," ती म्हणाली.

"चला, सुटलात! भावाला म्हणावं, दारू कमी कर आणि झोप काढ. टोचायची गरज नाही."

त्यांची पावलं लांब गेल्यावर तिने नळ्या मोरीत रिकाम्या केल्या. पुन्हा करू, उद्या करू, असं ती मनाशी म्हणत राहिली. शिल्लक पाणी कपाटातच खराब झालं.

उन्हाळ्यात लोईसने एका वकिलाच्या पियानोच्या तारा पिळून पिळून तोडल्या. सफरचंदं उतरायच्या दिवसांत तो अनवाणी ट्राममधून उतरला आणि पोलिसाने त्याला घरी आणून सोडलं. डॉक्टरांनी पुन्हा पाणी काढलं. या खेपेला पोल्डीने नवा चंबू घेतला. सकाळी पहिल्या नळ्या पाण्यासारख्या बिनरंगी होत्या, तळाशी निळसर गाळ. शेवटची नळी निळी होती.

डॉक्टर नळ्यांकडे बराच वेळ बघत राहिले. "नवल आहे," ते म्हणाले. "इतक्या झपाट्याने?"

पोल्डी नळ्या विसळायला घेऊन गेली.

हिवताप टोचला. लोईस थंडीने कुडकुडला, घामाने भिजला आणि पुन्हा उठून बसला. ज्या तापाला ती एवढी भ्यायली होती, तो त्याने सर्दी-पडशासारखा झटकून टाकला. रोग तिथेच थांबला, असं डॉक्टर म्हणाले. तोवर जे गेलं होतं ते मात्र गेलं.

आता तो शहराबाहेरच्या टेकडीवरच्या इस्पितळात असतो. रविवारी पोल्डी जाते तेव्हा तो चमचा टेबलावर आपटून कानाशी धरतो.

"ऐक. अगदी शुद्ध आहे ना?"

"शुद्ध आहे, लोईस."

तो खूश होतो. मग तिच्या पिशवीत हात घालून चाचपतो.

"सुल्झ आणलीस का गं?"

"नाही रे. आता करत नाही."

"का?" तो रुसून विचारतो. "तू किती छान करायचीस."