कोयत्याशेजारी ठेवलेली गिटारची मान

मित्रांनो, मी एका गिटारची जुनी मान आहे. गिटार विजेवर वाजणारी, आणि मान म्हणजे तिची लांब दांडी. माझ्यावर सहा तारा ताणलेल्या असतात आणि वाजवणाऱ्याच्या डाव्या हाताची बोटं माझ्या अंगावरून धावतात. गिटारचं धड वेगळं असतं, मी वेगळी. चार स्क्रूंनी मला धडाला आवळतात. ते स्क्रू काढले की मी सुटी होते, आणि सुटी मान हातात घेतली तर ती सोट्यासारखीच दिसते. हे आधीच सांगून ठेवते, कारण माझी गोष्ट गोड नाही.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यात झाला. जन्म कसला, कत्तलच ती! मेपलच्या लाकडाला करवतीनं उभं चिरलं, भट्टीत कोंडून सुकवलं, यंत्राच्या पात्यानं सोलून काढलं. मग पोटात लांब चर पाडून त्यात लोखंडी गज खुपसला, म्हणजे तारांच्या ओढीनं मी वाकू नये. छाताडावर धातूच्या आडव्या पट्ट्या ठोकून बसवल्या. शेवटी एक माणूस एकेका मानेवरून डोळा फिरवायचा. माझ्या शेजारच्या मानेत तांदळाएवढी गाठ निघाली. त्यानं तिला तिथल्या तिथे करवतीखाली सरकवलं आणि दोन तुकडे केले. मी वाचले ती नशिबानं.

पुढे नागपूरच्या एका दुकानात मला भिंतीवर टांगलं. तिथे अमेरिकेची मान होती, जपानची होती, मेक्सिकोची आणि इंडोनेशियाचीही होती. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, "कुठचा माल?" माझं उत्तर ऐकलं की नाक मुरडायचं. मला इतका संताप यायचा! पण खोटं कशाला बोलू? अमेरिकेच्या मानेच्या पट्ट्यांची टोकं लोण्यासारखी घासलेली होती, माझी बोचरी होती. जपानची मान तर सरळपणात कुणाला ऐकायची नाही. इंडोनेशियाची माझ्यापेक्षा थोडीच महाग, पण नीटनेटकी. मात्र यंत्रं सगळीकडे बरीचशी सारखीच, हे मला तिथे ऐकून ऐकून कळलं. फरक पडतो तो लाकूड किती धीरानं सुकवलं, टोकं किती मायेनं घासली आणि वाईट माल कोणी किती कठोरपणे बाजूला काढला यात. म्हणजे महागाची मानही कधी बिघडते आणि स्वस्तातलीही कधी आयुष्यभर साथ देते.

मला बाभुळगावच्या भैरवीनं घेतलं. घरी कपाशी आणि तुरीचं शेत, ते पाहणारा थोरला भाऊ पियूष आणि आई इंदूबाई. भैरवी यवतमाळच्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायची. पहिल्याच उन्हाळ्यात माझं लाकूड आकसलं, पट्ट्यांची टोकं बाहेर आली आणि भैरवीची बोटं रक्ताळली. तिनं मला फेकून नाही दिलं. पियूषची कानस घेतली आणि एकेक टोक घासून काढलं. तेव्हापासून मी तिची झाले.

त्याच ऑर्केस्ट्रात क्षितिज होता. त्याच्या गिटारला अमेरिकेची मान. मला पाहिलं की म्हणायचा, "चायना माल आला पाह्य." ऑर्केस्ट्राचा मालक अमर एकदा वैतागून म्हणाला, "दोघांचं भांडण ऐकून कान किटले माहे. दसऱ्याच्या कार्यक्रमात दोघंही वाजवा. ज्याची गिटार गर्मीत सुरात राहीन, तो कायमचा. दुसऱ्यानं घरी बसावं." भैरवीला ती जागा हवी होती. दुसरं काहीच नको होतं तिला. घरच्या अंगणात भर उन्हात बसून ती मला वाजवायची, मी कुठे ढळते ते ताडायची.

आली खंडेनवमी. या दिवशी आमच्या घरी दोन पाट मांडतात. एका पाटावर कोयता, विळा, कुऱ्हाड, पाना. दुसऱ्या पाटावर पुस्तकं आणि पाटी, पाटीवर एकच्या आकड्यांनी काढलेली सरस्वती. एकदा पुजलेली वस्तू दसरा उजाडेपर्यंत उचलायची नाही, असा इंदूबाईंचा दंडक. त्या सकाळी मी सुटीच होते. मला किंचित उचलून बसवायला भैरवीनं स्क्रू काढले होते, खाली कागदाची घडी घालणार होती.

"दादा, तिले पुस्तकाच्या पाटावर ठेव," भैरवी म्हणाली.

"कायले?" पियूष म्हणाला. "ज्याच्यावर कमावतो ते हत्यार. माहा कोयता, तुही गिटार. बाजूबाजूलेच राहू दे."

त्यानं मला कोयत्याच्या शेजारी ठेवलं, हळद-कुंकू लावलं, झेंडूचं फूल वाहिलं. मित्रांनो, मी हरखून गेले. आजवर मला कोणी हात जोडले नव्हते. तो पाट माझा नव्हे, हे मला तेव्हा सुचलंच नाही.

तेवढ्यात क्षितिज आला. उद्याच्या गाण्यांचा क्रम विचारायला आला होता. दारातच त्यानं मला पाहिलं आणि हसत सुटला. "अबे, चायना मालाची पूजा करून राह्यले का तुम्ही?" असं म्हणत त्यानं मला सरळ पाटावरून उचललं.

"ठेव रे बाप्पा," इंदूबाई म्हणाल्या. "पुजलेलं उचलत नाहीत."

"काकू, हे काय तलवार आहे का? पाहा, कशी वाकते ते." त्यानं मला गुडघ्यावर ठेवलं आणि दोन्ही टोकांनी दाबलं. माझ्या पोटातला गज करकरला.

पियूषनं त्याच्या थोबाडीत दिली. क्षितिजनं माझं डोकं, म्हणजे जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात ते टोक, पियूषच्या जबड्यावर हाणलं. दात पडला, ओठ फाटला. रक्त बघून पियूषचं डोकंच फिरलं. त्यानं मला हिसकावून घेतलं, दोन्ही हातांनी धरलं आणि कुऱ्हाड उचलावी तसं डोक्यावर नेलं.

"दादा, नको!" भैरवी मधे शिरली. तिनं डावा हात वर केला. मागे दाराची सागवानी चौकट होती.

मी खाली आले. थांबणं माझ्या हाती असतं तर मी स्वतःचे दोन तुकडे करून घेतले असते. चौकट आणि मी, यांच्या मधे भैरवीची बोटं सापडली. हाडं मोडल्याचा आवाज मी ऐकला. ज्या पट्टीची टोकं तिनं कानशीनं घासली होती, तीच पट्टी तिच्या बोटांत रुतली. तरी पियूष थांबला नाही. दुसरा घाव क्षितिजच्या खांद्यावर बसला, त्याचं हाड मोडलं, तो ओरडत खाली कोसळला. तिसरा घाव त्याच्या पाठीत. मग इंदूबाईंनी पियूषच्या कमरेला मिठी घातली आणि टाहो फोडला, "अरे, पोरीचा हात पाह्य! पोरीचा हात!" तेव्हा कुठे त्यानं मला टाकलं.

गल्ली जमा झाली. दोघांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, पियूषला पोलीस घेऊन गेले. शेजारचे पंजाबराव मला उचलून म्हणाले, "एवढं हाणलं, तरी तडा नाही. ओरिजनल दिसते बाप्पा!" ऐकलंत? ज्या शाबासकीसाठी मी जन्मभर जळले, ती मला कधी मिळाली पाहा. आग लागो त्या शाबासकीला.

दसऱ्याला दोघंही वाजवू शकले नाहीत. अमरनं तिसराच कोणी आणला. भैरवीच्या डाव्या हाताची मधली दोन बोटं परत वाकलीच नाहीत. मला कोठीच्या खोलीत तुरीच्या पोत्यांमागे टाकलं, उंदरांनी माझ्या डोक्याची कड कुरतडली. पियूष सुटून आला, पण त्या खोलीत पाऊल टाकेना. घरात कोणी गिटार हा शब्द काढेना.

पुढच्या खंडेनवमीला एकच पाट मांडला होता, पुस्तकांचा. पियूषनं कोयता बाहेर काढलाच नव्हता. भैरवी पोत्यांमागे शिरली आणि मला घेऊन आली. फडक्यानं पुसलं. एका पट्टीला खोच पडली आहे, तिच्यात काळा डाग आहे. तो पुसून जात नाही आणि तो कुंकवाचा नाही. तिनं मला पाटीशेजारी ठेवलं. पियूष मान खाली घालून बसला होता.

दसऱ्याला तिनं गिटारचं धड मांडीवर घेतलं. "दादा, स्क्रू पिळ."

त्यानं हात मागे घेतले. "माह्यानं नाही होत, भैरू. मी नाही लावत तिले हात."

"माह्या बोटात जोर नाही. तूच पिळ."

त्यानं चारही स्क्रू पिळले. रडत होता, स्क्रूची खाच त्याला दिसत नव्हती. मग तारा चढवून भैरवीनं उरलेल्या दोन बोटांनी त्या दाबल्या. खोच पडलेल्या पट्टीवर सूर खरखरला. पण बाकी सगळीकडे मी सुरात होते, मित्रांनो. भट्टीत भाजलेली, दबलेली, आपटलेली मी, त्या गर्मीतही ढळले नव्हते.

म्हणून तुम्हाला कळवळून सांगते. माझ्यासारखी कोणी तुमच्या घरी आली तर तिला उन्हात टाकू नका, तिची टोकं घासा, तारा सैल करून ठेवा. ती कुठे बनली हे हवं तर विचारा, नाहीतर राहू द्या. पण तिला कोणत्या पाटावर ठेवताय, तेवढं आधी पाहा.