ओढणीतला धूर

गायत्रीने चुलीतून जळतं पोतं बाहेर ओढलं, पण तोवर आतल्या चिंध्या वितळून त्यांचा काळा गोळा झाला होता. साड्यांच्या कारखान्यांतून गोळा करून त्या तिने रंगवार लावल्या होत्या. आज विद्यापीठात त्याच दाखवायच्या होत्या.

“माय, या काब्र जाळ्यात?”

पुष्पाबाई फुंकणी हातात धरून तशीच बसली होती.

“आज तुनं मोठं काम शे ना? डोकावरथून आंग धुवाले पानी तापाडं.”

यात मायचं काय चुकलं? कोसाडच्या या वसाहतीत चिंधी म्हणजे सरपणच. फुकट मिळते, काडी लावताच पेटते. हे कळत होतं म्हणूनच गायत्रीचा राग आणखी भडकला.

“तुले काहीच समजत नही!”

ती अंघोळ न करताच निघाली. तापलेलं पाणी हंड्यात तसंच राहिलं.

बसमध्ये तिला एका जागी बसवेना. बसली, उठली, दाराशी जाऊन उभी राहिली. केसांना धुराचा वास येत होता. तिने ओढणी डोक्याभोवती घट्ट गुंडाळली, तर ओढणीलाही तोच वास. पहिल्या वर्षी वर्गात शेजारच्या मुलीने एकदा नाक मुरडलं होतं आणि दप्तर उचलून ती पुढच्या बाकावर गेली होती. भांडण नाही, शब्द नाही. तेव्हापासून गायत्री खिडकीजवळ एकटीच बसायची.

विद्यापीठाच्या पायरीवर योगेंद्र घड्याळ बघत उभा होता. दोघांचा मिळून धंदा होता. ती चिंध्या निवडायची, तो त्यांच्या चटया शिवायचा. आज विद्यापीठाने नव्या धंद्यांमध्ये त्यांची निवड केली तर वर्षभरासाठी खोली आणि शिलाई मशिनं मिळणार होती. नाही तर परीक्षा संपताच गायत्रीने मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला जायचं, हे घरी ठरलेलंच होतं.

“पोतं?”

“जळलं.”

त्याने कपाळाला हात लावला. “मग तापी नदीचं बोल. कारखान्यांचं रंगीत पाणी, मेलेली मासळी. निवड करणाऱ्या सरांना तापी फार आवडते.”

तापीचं भाषण तिला पाठ होतं. टेबलापलीकडे सर आणि दोन बाई बसल्या होत्या. योगेंद्रने आणलेल्या चटया फिरवून पाहिल्यावर, हाच धंदा का, हा प्रश्न सरांनी गुजरातीत विचारलाच.

“बेन, आ ज धंधो केम?”

तिने तोंड उघडलं. वरचा पंखा फिरला आणि वास तिच्याच नाकात शिरला. तापी तिने सोडून दिली. चुलीपुढे फुंकणी धरून बसलेली माय आठवली आणि सकाळी तिच्यावर ओरडल्याची गायत्रीला भयंकर लाज वाटली.

तिने डोक्याची ओढणी सोडली आणि टेबलावर पसरली. योगेंद्र कासावीस होऊन तिच्याकडे बघायला लागला.

“सर, आनी वास आवे छे?”

“आवे छे,” सर ओढणीचा वास घेऊन म्हणाले.

“चिंध्यांचा धूर आहे. आमच्याकडे रोज यावरच पाणी तापतं. माझी माय रोज हा धूर गिळते. आज तिने माझ्यासाठी गिळला. या चिंध्या चुलीत जाऊ नयेत म्हणून हा धंदा.”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. कोणीतरी उठून दूर जाण्याचा तो आवाज गायत्रीच्या ओळखीचा होता. तिने मान खाली घातली आणि ओढणी उचलायला हात पुढे केला.

ओढणीचं दुसरं टोक कोणीतरी धरून ठेवलं होतं. दोघींतल्या कडेच्या बाई उठून गेल्या नव्हत्या; खुर्ची पुढे ओढून ओढणीच्या आणखी जवळ आल्या होत्या.