चोक ओढा!

अमेरिकेतल्या बॉथेलजवळच्या त्या जंगलात गाड्यांना साफ बंदी होती, तरी कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. धप, धप, धपधप, फर्रर्र, आणि बंद! पुन्हा तेच. प्रफुल्लचं डोकंच फिरलं. पुण्यात कॉलेजभर स्कूटर चालवलेला माणूस तो. "अहो, चोक ओढा!" तो मराठीतच ओरडला आणि झाडीत शिरला.

स्कूटर कुठेच नव्हती. आडव्या पडलेल्या ओंडक्यावर कोंबडीसारखी शीट होती नि एक पट्टेरी पीस. तेवढ्यात पायाजवळून एक पक्षी फडफडत उडाला.

"ग्राउझ म्हणतात त्या इथल्या रानकोंबडीचा नर आहे तो," मागून त्याची बायको अपर्णा म्हणाली. "पंख झोडून मादीला बोलावतो. पाटीवर लिहिलंय."

"पण आवाज हुबेहूब बंद पडलेल्या स्कूटरचा!"

"असणारच. आमच्या होस्टेलसमोर तुझी स्कूटर रोज बंद पडायची, ती काय खरंच बिघडलेली असायची?"