पत्ता विचारणारी हातोडी

मित्रांनो, काचेला लावलेली नाके आधी मागे घ्या आणि सरळ उभे राहा. तुमच्या श्वासाने काच धुरकटली की मी तुम्हाला दिसत नाही आणि तुम्ही मला. हां, आता कसे!

मी एक जुनी हातोडी आहे. खिळे ठोकणारी नव्हे; त्या घराण्याशी माझे नाते जोडू नका. माझे डोके तांबड्या रबराचे आणि तिकोनी, दांडा पोलादी, आणि दांड्याचे टोक निमुळते. मी डॉक्टरांची हातोडी. माझा ठोका गुडघ्याखाली बसला की पाय टुणकन उडतो, एवढेच तुम्हाला माझ्याविषयी ठाऊक असेल आणि त्यावर तुम्ही खुदखुदत असाल. हसून घ्या. पण तो पाय का उडतो, हे विचारावेसे कुणालाही वाटत नाही, याचा मला जन्मभर राग आहे. आज तो राग मी गिळणार नाही.

शस्त्रक्रियेची अवजारे घडवणाऱ्या एका कारखान्यात मी जन्मले. तिथल्या कारागिराने माझा दांडा घासला, बोटावर आडवा तोलून पाहिला, मान हलवली आणि पुन्हा घासायला घेतला. शेजारी कात्र्यांना धार लावणारा वैतागला.

"अहो, सोन्याची आहे का ती?"

"सोन्याची असती तर इतकं बघितलं नसतं," कारागीर म्हणाला. "ही आपल्या वजनानं पडायला हवी. हातानं जोर केला तर उत्तर खोटं येतं."

हे वाक्य मी त्या दिवसापासून पदरी बांधले आहे. लोक म्हणतात, हातोडी मारते. साफ खोटे! मी मारत नाही, मी विचारते.

मला प्रथम हाती धरले ते मोठ्या बाईंनी. त्या मेंदूच्या आणि नसांच्या डॉक्टर होत्या. त्यांच्या पांढऱ्या कोटाच्या उजव्या खिशात माझी जागा ठरलेली होती, आणि त्या खिशात रुमाल ठेवण्याची प्राज्ञा त्यांना स्वतःलाही नव्हती. शिकाऊ डॉक्टर भोवती उभे राहिले की त्या दरडावून सांगत, "रोगी तक्रार सांगतो, पत्ता सांगत नाही. हात लुळा पडला, एवढं तो सांगेल. बिघाड हातात आहे, मानेत आहे की मेंदूत, हे तुम्ही हुडकायचं. नाहीतर रोग रेड्याला आणि औषध पखालीला!"

हा पत्ता कसा लागतो, ते नीट ऐका. मेंदूचा हुकूम पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून खाली उतरतो, आणि तिथून फुटलेल्या नसांच्या वाटेने स्नायूंना पोहोचतो. माझा ठोका पडला की त्याची बातमी नसेतून मज्जारज्जूपर्यंत जाते आणि तिथूनच उलट पावली हुकूम येतो : हल! मेंदू वरून फक्त लगाम धरून असतो, पाय उगाच उधळू नये म्हणून. आता ती नसच दबली, तर बातमी जाणार कशी? पाय गप्प बसतो. पण त्या जागेच्या वर कुठेतरी मज्जारज्जू दबला, तर लगाम तुटतो आणि पाय नको तितका उसळतो. म्हणजे गप्प गुडघा एक पत्ता सांगतो आणि उधळलेला गुडघा दुसरा. इतकी ही साधी गोष्ट आहे. शाळकरी पोराला कळेल. पण पुढे काय घडले, ते ऐका.

मोठ्या बाईंच्या काळी आमचा दरारा होता. एकदा एका माळ्याला आणले. त्याचे पाऊल चालताना फटफट आपटत होते आणि घरच्यांनी मेंदूचा झटका आला म्हणून रडारड मांडली होती. बाईंनी माझे सारे ठोके देऊन पाहिले. उत्तरे चोख आली. मग त्यांनी गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यापाशी, मला हलकेच टेकवले. माळ्याच्या पावलापर्यंत झिणझिणी गेली. "काय हो, तासन्‌तास उकिडवे बसून गवत काढता का?" बाईंनी विचारले. माळी थक्क झाला. मेंदू ठणठणीत होता. तिथली एक नस त्याने आपल्याच बसण्याने चेपून टाकली होती. बाईंनी त्याला बसायला एक बुटके स्टूल घ्यायला सांगितले. पुढे त्याचे पाऊल उचलू लागले. त्या दिवशी माझे रबर त्यांनी आपल्या पदराने पुसले होते.

मग बाई थकल्या. सेवानिवृत्त होताना त्यांनी मला आपल्या सर्वांत हुशार शिष्याच्या हाती दिले. तोच पुढे विभागाचा प्रमुख झाला; सारे त्याला साहेब म्हणू लागले. आणि त्याच सुमारास इस्पितळात ते मोठे यंत्र आले, ज्याच्या बोगद्यात माणूस सरकवला की शरीराच्या आतले फोटो निघतात.

यंत्राविषयी मी वाईट बोलणार नाही. ते खोटे बोलत नाही. पण जिथला फोटो मागाल तिथलाच देते. चुकीच्या जागी विचारलेत, तर चुकीच्या जागेचे उत्तर अगदी स्वच्छ छापून हाती ठेवते. साहेबांना त्याचा इतका लळा लागला की रोगी खुर्चीत टेकायच्या आत ते फोटो मागत. आणि मी? साहेबांच्या खोलीतल्या खिडकीची खिटी मोडली होती. तिची झडप आपटू नये म्हणून फटीत मला खुपसून ठेवले. मला! रोग्याच्या खुर्चीपासून हातभर अंतरावर, उन्हात रबर तडकवत, मी खिडकीची राखण करीत राहिले. चहाबरोबर कुणी अक्रोड आणले तर ते दांड्याने फोडायलाही मलाच बाहेर काढीत. माझा तोल एवढ्यासाठी साधला होता काय?

अशा दिवसांत तो रंगारी आला. दुकानांच्या पाट्या रंगवणारा. पन्नाशी ओलांडलेला, तोंडाने मोठा गमत्या. त्याची लेक त्याला धरून घेऊन आली होती.

"काय होतंय, काका?" साहेबांनी संगणकावरची नजर न काढता विचारले.

"पाय माझेच आहेत, साहेब, पण चालवतो कुणी दुसराच," रंगारी म्हणाला. "जड झालेत. परवा शिडीवरून घसरलो. पाटीवर 'भव्य' लिहायचं होतं, तर 'भ' लिहून खालीच आलो."

लेक हसली नाही. "बाबा, नीट सांगा ना."

"नीट चालता येत असतं तर नीट सांगितलं असतं, बाई."

या इस्पितळाची एक रीत होती. दारातच दोन बाण रंगवलेले : पाय दुखतो म्हणाल तर डावीकडे, कंबर विभागात, हात दुखतो म्हणाल तर उजवीकडे. ते बाण याच रंगाऱ्याने पूर्वी रंगवले होते. आपल्याच बाणामागे तो निमूट डावीकडे गेला होता आणि तिथून कमरेचा रोगी म्हणूनच साहेबांकडे आला होता; आणि डावीकडे गेलेल्या माणसाचा शर्ट कुणी काढायला लावत नाही. कमरेचा फोटो निघाला. दोन मणक्यांमधली एक चकती किंचित सरकलेली दिसली. त्या वयात कित्येकांच्या कमरेत अशी चकती सापडते आणि ती माणसे सुखाने हिंडत असतात. पण साहेबांचे बोट तिच्यावर पडले ते उठलेच नाही.

"हेच कारण. शस्त्रक्रिया करून टाकू. शल्यविशारदांशी मी बोलतो."

"पाय परत येतील ना, साहेब? शिडी चढता आली नाही तर घर कसं चालवू?"

"येतील, येतील."

मी खिडकीत चडफडत होते. अरे, एक ठोका दे! त्याच्या गुडघ्यावर फक्त एक! पण खिडकीत खुपसलेल्या म्हातारीचे ऐकतो कोण?

शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी भूलताई त्याला तपासायला गेल्या. भूलताई म्हणजे शस्त्रक्रियेआधी भूल देणाऱ्या डॉक्टर. अंगाने भरलेल्या, तोंडाने फटकळ, आणि साहेबांच्या वर्गमैत्रीण. दोघेही मोठ्या बाईंच्या हाताखाली शिकलेली. भूल देताना घशात नळी घालावी लागते, म्हणून त्या मान तपासतात. थोड्याच वेळात त्या रंगाऱ्याला चाकाच्या खुर्चीत बसवून स्वतः ढकलत साहेबांच्या खोलीत आल्या. मागे लेक होती.

"काका, मघाचं यांच्यासमोर करा. हनुवटी छातीला लावा."

रंगाऱ्याने मान वाकवली आणि तो दचकला. "आई गं! परत तसंच. पाठीतून करंट गेला, थेट पायांपर्यंत."

"कंबर वाकवली का त्यांनी? मान वाकवली," भूलताई साहेबांना म्हणाल्या. "तू यांचा शर्ट काढून पाहिलास?"

"पाय जड आहेत, ताई. शर्ट कशाला काढू? आणि उद्याची यादी लागली आहे."

"यादी भिंतीला लागली आहे. टेबलावर माणूस जायचाय! काका, हात कसे आहेत?"

उत्तर लेकीने दिले. "बाबांच्या शर्टाची बटणं कधीपासून मीच लावते. ब्रशही सुटतो हातातून."

"कशाला बोललीस?" रंगारी कळवळला. "हात गेला हे बाजारात कळलं तर कोण काम देईल? ताई, पाय गेला तरी स्टुलावर बसून रंगवीन. हाताचं नका विचारू."

मला त्याचीही चीड आली आणि त्याची कीवही आली. पोटासाठी माणूस कुणापासून काय लपवील, सांगता येत नाही. पण ज्याने विचारायचे, त्याने विचारलेच नाही, त्याचे काय?

"हातोडी कुठे आहे?" भूलताईंनी खोलीभर नजर फिरवली. मी त्यांच्या दृष्टीस पडले, आणि त्यांचा चेहरा तांबडालाल झाला. "ही? मोठ्या बाईंची? खिडकीत?" त्यांनी मला हिसकून बाहेर काढले. झडप धाडकन आपटली. किती वर्षांनी कुणीतरी माझ्या वतीने आवाज केला!

त्यांनी मला साहेबांपुढे धरले. "मी नाही, तू कर. तुला दिली होती त्यांनी."

साहेबांचा हात आधी अवघडला होता. मग बोटांना जुनी सवय आठवली आणि मी आपल्या वजनाने गुडघ्याखाली पडले. पाय उडाला, मित्रांनो, असा उडाला की साहेबांचे गुडघे थोडक्यात वाचले! दुसराही तसाच. कमरेतल्या नसा दबल्या असत्या तर गुडघे मवाळ झाले असते किंवा गप्प बसले असते. कमरेच्या आजाराने गुडघा असा कधी उधळत नाही. माझ्या निमुळत्या टोकाने त्यांनी तळपायाच्या कडेवरून रेघ ओढली. मोठ्या माणसाचा अंगठा अशा वेळी खाली वळतो. रंगाऱ्याचा सावकाश वर उठला. लगाम तुटला होता, आणि तो कमरेच्या बराच वर तुटला होता.

मग हात. साहेबांनी मनगटाच्या वर, अंगठ्याच्या बाजूला, मला सोडले. खरे तर कोपर किंचित वाकायला हवे. कोपर ढिम्म राहिले आणि बोटे मात्र आपोआप मिटली. मोठ्या बाईंनी ही खूण शिकवली होती : मज्जारज्जूच्या त्या मजल्याचे दार बंद, आणि त्याखालच्या साऱ्या मजल्यांचा लगाम सुटलेला.

"मान," साहेब हळूच म्हणाले. "पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी. मज्जारज्जू दाबला जातोय."

"म्हणजे उद्या कमरेत..." लेकीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"उद्या काही नाही," साहेब म्हणाले. ते खाली बसले, रंगाऱ्याच्या पायांपाशी. "काका, माझं चुकलं. मी तुमचा फोटो पाहिला, तुम्हाला पाहिलं नाही."

रंगाऱ्याने मिटलेली बोटे लेकीच्या मदतीने उघडली. "तुमचं एकट्याचं नाही, साहेब. बाण मीच रंगवला, आणि मीच त्याच्यामागं गेलो."

मानेचा फोटो काढला. यंत्राने नेमकी तीच जागा दाखवली. विचारल्यावर त्याने आढेवेढे घेतले नाहीत. मानेची शस्त्रक्रिया झाली. पाय हळूहळू मार्गी लागले. आणि हात? हात पुरता परतला नाही. मज्जारज्जूवरचा भार उतरवला तरी दबलेल्या काळात जे गेले, ते सगळे मिळतेच असे नाही. बारीक अक्षरे त्याला आता जमत नाहीत, मोठी जमतात. पहिल्याच दिवशी कुणी मला उचलले असते, तर बारीकही जमली असती. हा राग मी कुठे ठेवू?

आणि आता माझ्या सन्मानाची कथा! इस्पितळाने ठरवले की माझ्यासाठी व्हरांड्यात काचेचे कपाट करायचे. खिडकीतून काढून मखरात बसवायचे, म्हणजे एका अडगळीतून दुसऱ्या अडगळीत. पाटी रंगवायला त्याच रंगाऱ्याला बोलावले. 'जुनी उपकरणे' असे लिहायचे होते. त्याने काठीचा आधार घेत कपाट पाहिले आणि ब्रश रंगात बुडवण्याआधी विचारले, "कुलूप कशाला?"

"चोरीला जाईल म्हणून," साहेब म्हणाले.

"मी आलो त्या दिवशी ही कुलपात असती तर?"

साहेबांनी कुलूप काढून घेतले आणि किल्लीसकट खिशात टाकले. मग रंगाऱ्याने सावकाश, मोठ्या, थोड्या वाकड्या अक्षरांत पाटी लिहिली. वर पाहा आणि मोठ्याने वाचा : 'दार उघडे आहे. हातोडी न्यावी, वापरावी, परत ठेवावी.' दारातले ते दोन बाण पुसण्याचे कामही त्याने त्याच दिवशी केले. त्याचा मोबदला मात्र घेतला नाही.

तर मित्रांनो, जुन्या वस्तूंची धूळ झटका, असले उपदेश मी करणार नाही. धुळीचे मला काही वाटत नाही. तुम्ही मोठे व्हाल, कुणी डॉक्टर व्हाल, कुणी यंत्रे दुरुस्त कराल, कुणी पोरे शिकवाल. समोरच्याने तक्रार सांगितली की पत्ता शोधा. आणि त्यासाठी त्याला हात लावा, त्याच्याकडे बघा, जे तो सांगत नाही तेही विचारा. आणि तुम्ही स्वतः तक्रार सांगायला जाल, तेव्हा काही लपवू नका.

आज मी तुम्हाला इथे दिसते आहे, याचा अर्थ आज मला कुणीही नेलेले नाही. हा माझा अपमान आहे आणि मी तो ध्यानात ठेवला आहे. पुन्हा याल तेव्हा कपाट रिकामे दिसले तर हिरमुसू नका. समजा की म्हातारी कामावर गेली आहे.

आता वाट सोडा. तुमच्यामागे कुणीतरी पांढऱ्या कोटात उभे आहे आणि त्यांचा उजवा खिसा मला रिकामा दिसतो आहे.