खुंटीवरची छडी

मी छडी बोलतेय. वेताची, एरंडेल पाजलेली. लगेच तळहात मुठीत दडवू नका, आता मी कुणाच्या वाटेला जात नाही. कोंडीबा हजेरीवाल्याच्या घरात मी खुंटीवर लटकलेली असते. तिथून घर सगळं दिसतं. रिकामा वेळ इतका मिळाला की माणसांविषयी माझं मत पक्कं झालं. ते चांगलं नाही, हे आधीच सांगून टाकते.

माझा जन्म कारवारकडच्या रानातला. तिथं मी वेल होते, मोठमोठ्या झाडांच्या अंगावरून वर चढत होते. मग मला कापली, वाळवली, मोळीत बांधली आणि आगगाडीनं सोलापुरात आणून टाकली. इथल्या उन्हात अंगातली सगळी ओल आटली. माझ्या बहिणींच्या कुणी टोपल्या विणल्या, कुणी खुर्च्या. मला मात्र एका मास्तरांनी उचललं, हवेत सपकन फिरवून पाहिलं आणि ते खुदकन हसले. माझं नशीब तिथंच ठरलं.

शाळेचं नाव सांगत नाही. सगळ्या सारख्याच. मास्तर मला दर आठवड्याला एरंडेल पाजायचे, स्वतःच्या म्हातारीलाही इतक्या मायेनं कधी तेल लावलं नसेल. पण मारण्यात त्यांची एक रीत होती. आधी नाव घ्यायचे, मग चूक सांगायचे, मग हात पुढं करायला लावायचे आणि मोजून मारायचे. जे चालायचं ते उघड चालायचं.

त्या वर्गात गुंडा होता. कोंडीबाचा मुलगा, नऊएक वर्षांचा, अंगानं काडी, आणि डावखुरा. पाटीवरची पेन्सिल आपोआप त्याच्या डाव्या हातात जायची. मास्तर म्हणायचे, “डाव्या हातानं सरस्वतीला शिवतोस व्हय रं?” आणि तोच हात पुढं करायला लावायचे. एकदा तर तो हात असा सुजला की पोराला लेंग्याची नाडी बांधता येईना.

दुसऱ्या दिवशी कोंडीबा गिरणीतून मधल्या सुट्टीत तडक शाळेत आला. टोपीवर कापसाचे तुसे तसेच. गिरणीत तो हजेरी मांडायचा, सातवी शिकलेला होता, त्यामुळं बोलायला कमी नव्हता. पोरगा कुठल्या हातानं लिहितो याच्याशी शाळेला काय करायचंय, अक्षर काय हात बघून येतं का, असं वर्गासमोर त्यानं मास्तरांना सुनावलं. मग मला हिसकावून, गुंडाला दुसऱ्या हातानं धरून चालू लागला. वाटेत मला गुडघ्यावर मोडायचा प्रयत्न केला. वेत मोडत नसतो, वाकतो. सातवीपर्यंत शिकून एवढंही ठाऊक नाही. बसला गुडघा चोळत.

घरी आल्याबरोबर त्यानं देव्हाऱ्यातला बिरोबाचा भंडारा मुठीत उचलला. धनगराच्या घरात भंडारा उचलून बोललेला शब्द मागं घेता येत नाही. बायको राजाबाई होती, वळसंगहून आलेला तिचा भाऊ बिरप्पा होता, शेजारची गुरम्मा दारात उभी होती. सगळ्यांदेखत कोंडीबा म्हणाला, “गुंडा आता घरीच शिकंल. आन ज्या दिशी ह्या घरात मी ही छडी उचलली, त्या दिशी मीच ह्येला हाताला धरून त्या मास्तराम्होरं नेऊन हुबा करीन.”

मला खुंटीवर टांगलं ते आठवण राहावी म्हणून. गुंडा सकाळी डोळे उघडले की आधी माझ्याकडं बघायचा. मी जागेवर असले की मग तोंड धुवायला जायचा. मास्तरांचं नाव निघालं तरी ते पोर डावा हात पाठीमागं लपवायचं, आणि त्याची सुटका सगळी माझ्या लटकण्यावर होती. मीही वाट बघत होते. म्हटलं, बघू तरी हा दयाळू बाप किती दिवस टिकतोय.

मग सुरू झाली घरची शाळा. शाळा कसली, नुसता तमाशा. सकाळी भोंगा व्हायच्या आत एक धडा आणि संध्याकाळी गिरणी सुटली की दुसरा. पण शिकवायचं काय, हेच कोंडीबाचं ठरेना. आधी म्हणाला, पाढे पाठ करणं ही पोपटपंची, हिशेब बाजारात शिकावा. बापलेक बाजारात गेले आणि भजी खाऊन आले. पुढं गिरणीतल्या कुणी सांगितलं की पाढ्यांवाचून पोरगं वाया जाईल, तर पाढे परत आले आणि पुस्तक फडताळात गेलं. मग हुन्नर हवा म्हणून टकळी आणली. दिवसभर सुताच्या धुरळ्यात खोकणारा माणूस घरी येऊन पोराला सूत काढायला शिकवतोय! त्या सुतातला एक धागा सुईच्या नेढ्यातून गेला असेल तर शपथ.

रविवारी भूगोल. ओल्या सारवणावर बोटानं हिंदुस्थान काढायचा. नद्या दाखवायला काठी हवी, पण मला उचलायची बंदी. म्हणून कोंडीबा लाटण्यानं गंगा दाखवायचा. मी डोक्यावर लटकलेली, आणि खाली लाटणं हिमालयावरून फिरतंय! सोमवारी परत सारवण व्हायचं आणि हिंदुस्थान शेणाखाली जायचा.

घरात बसून पोराला करमणार नाही म्हणून बिरप्पामामानं वळसंगहून एक शेळी आणून दिली. शिंगं नव्हती, म्हणून नाव भुंडी. कोंडीबा म्हणाला, मुक्या जनावराजवळ पोरगं दया शिकंल. भुंडीनं पहिल्याच महिन्यात वाचनमालेची निम्मी पानं खाल्ली. त्या घरात पुस्तक कुणी पचवलं असेल तर तिनंच. गुंडा मात्र तिच्या गळ्यात पडून खिदळायचा, आणि शाळेतून आल्यापासून मिटलेलं त्याचं तोंड तिच्यामुळंच उघडलं, एवढं मला कबूल करावं लागेल.

एका माणसाचं सांगायचं राहिलं. त्या घरात ते नेहमीच राहायचं. कोंडीबाची थोरली मुलगी, विजयमाला. एवढं राजेशाही नाव ठेवलं आणि तिला दुसरीतून काढली, नळावर पाणी भरायला माणूस नव्हतं म्हणून. पाणी ती भरायची, भाकरी ती थापायची, भुंडीला पाला ती आणायची. सोमवारी हिंदुस्थानावरून शेणाचा हात फिरवायची तीही मालाच. त्यात गिरणीत जाताना कोंडीबा रोज म्हणायचा, “माले, ह्येच्याकडनं धडा करून घे गं.” कसा करून घ्यायचा ते तिला कुणी सांगितलं नव्हतं. ती भाकरी थापता थापता आधी स्वतः धडा करायची आणि मग त्याच्याकडून करून घ्यायची. पेन्सिल त्याच्या डाव्या हातात तीच द्यायची. म्हणायची, लिव निवांत, हितं कोण बघतंय?

संध्याकाळी गुंडानं चार ओळी वाचल्या की कोंडीबा छाती फुगवून चाळभर सांगायचा, बघा माझी शाळा! मी खुंटीवर हसायचे. शाळा ह्याची म्हणे.

असं वर्ष सरत आलं. बिरप्पा ज्वारीचं पोतं घेऊन आला आणि म्हणाला, भाच्याची विद्या बघायची हाय. कोंडीबाला तेच हवं होतं. त्यानं गिरणीतला कोट चढवला, गुरम्माला बोलावलं, शेजारच्या दोघांना घोंगडीवर बसवलं. माला चुलीपाशी भाकरी थापत होती. गुंडासमोर पाटी ठेवून कोंडीबा म्हणाला, मामाचं नाव आणि गाव लिहून दाखव.

गुंडानं रोजच्यासारखी डाव्या हातात पेन्सिल धरली. बिरप्पा मोठ्यानं हसला. “दाजी, डाव्या हातानं? हेच शिकिवलं व्हय वरीसभर?” गुरम्मानं तोंडाला पदर लावला. बाकीचे दोघंही हसले.

तेव्हा कोंडीबाचं तोंड मी पाहिलं. ह्याच हातासाठी हा माणूस भर वर्गात मास्तरांशी भांडला होता. चार माणसं काय हसली, लगेच म्हणाला, “उजव्या हातानं लिव, गुंडा.”

गुंडानं पेन्सिल उजव्या हातात घेतली. अक्षरं खेकड्यासारखी कुठंही पळायला लागली. कोंडीबा पुन्हा पुसायला लावत होता, पुन्हा लिहायला लावत होता, आणि घोंगडीवरची माणसं गालात हसत होती. पोराचे डोळे भरून आले. तेव्हा चुलीपाशी बसल्या बसल्या माला म्हणाली, “आप्पा, डाव्या हातानं लिवू द्या की त्येला. तुमीच तर म्हणला हुता, अक्षर हात बघून येत न्हाय.”

आवाज चढवून नाही बोलली. पण खरं बोलली, आणि पाहुण्यांत बोलली. कोंडीबा उठला, मला खुंटीवरून ओढलं आणि तिच्यावर तुटून पडला.

मी पुष्कळ मार दिलाय. पण असला नाही. मास्तर निदान नाव घ्यायचे, चूक सांगायचे. ह्यानं नाव नाही, चूक नाही, मोजदाद नाही. दंडावर, पाठीवर, लागेल तिथं. पिठाचे हात डोक्यावर धरून ती खाली वाकली, ओरडली नाही. राजाबाईनं मधे पडून त्याचा हात धरला तेव्हा तो थांबला.

मग त्यानं मला परत खुंटीवर अडकवलं, कोट नीट केला आणि म्हणाला, “हां, लिव रं गुंडा.” जणू दारातली शेळी हाकलून आत आला होता. बिरप्पानं पानाला चुना लावत सांगितलं की पोरींना लई तोंड देऊ नये. गुरम्मानं मान हलवली. मी लटकत होते, आणि मला वाटत होतं, आता कुणीतरी म्हणेल. अरे, छडी उचलली! वर्षभर जिची वाट बघितली ती हीच घटका ना? पण कुणाच्या ध्यानातच नव्हतं. राजाबाई मालाची पाठ चोळत होती, तिच्याही नव्हतं.

गुंडा उठला. पाटी बगलेत घेतली, टोपी घातली आणि बापासमोर येऊन उभा राहिला. 

“चला, आप्पा.”

“कुटं?”

“मास्तराकडं. छडी उचलली तुमी.”

कोंडीबा हसला. त्याला खरंच कळलं नव्हतं. “आरं, तुला कुटं मारलं? ती माला हाय.”

“भंडारा उचलला तवा माला ह्या घरात नव्हती व्हय?”

बिरप्पाचं पान हातातच राहिलं. मघाशी पोरींना तोंड देऊ नये म्हणणारा तोच, पण भंडाऱ्याचं नाव निघाल्याबरोबर त्याची बोबडी वळली. पोरीचे वळ दिसले नाहीत, बिरोबाचा कोप मात्र लगेच दिसला. हळूच म्हणाला, “दाजी, देवाचा शब्द हाय. न्यावं लागंल.” मालानं “गुंडा, नगं रं” म्हणून त्याचा सदरा धरला. त्यानं तिचा हात सोडवला, पण टोपी काढली नाही.

तेव्हा शाळा सुटली होती, म्हणून दुसऱ्या दिवशी कोंडीबा त्याला घेऊन शाळेत गेला. मलाही नेलं, ज्याची वस्तू त्याला देऊन टाकावी म्हणून. मास्तरांच्या टेबलावर नवी छडी होती, माझ्याहून जाड. मास्तरांनी काही म्हणायच्या आत गुंडानं डावा हात पुढं केला. त्यांनी ठेवून दिली एक, ओळख म्हणून. कोंडीबा बघत उभा राहिला. त्यानं मला पुढं केलं, तर मास्तर माझ्याकडं न बघताच म्हणाले, “असू द्या तुमच्याकडंच. घरात लागंल.”

म्हणून मी परत ह्या खुंटीवर आले.

घरची शाळा त्या दिवसापासून बंद झाली. शिकवणार कुणाला, पोरगा तर शाळेत जातोय, असं कोंडीबा विचारणाऱ्याला सांगतो. चुलीपाशी बसलेलं माणूस त्याला अजून दिसत नाही. गुंडा संध्याकाळी लाल तळहात घेऊन येतो. माला हळद-तेल चोळते आणि विचारते, आज काय झालं? तो वर्गात झालेलं सगळं सांगतो, आणि ती पाटीवर लिहून बघते. लिहायला तो अजून डावाच हात वापरतो. मारून हात बदलत नाही, हे मास्तरांना इतक्या वर्षांत मी सांगू शकले नाही, तो सांगतोय.

मागच्या रविवारी मालानं कुणाला न विचारता मला खुंटीवरून काढलं. कोंडीबा पाय आखडून भिंतीकडं सरकला. तिनं माझ्या टोकानं ओल्या सारवणावर हिंदुस्थान काढला, गुंडानं नद्या सांगितल्या, भुंडीनं लंकेवर पाय दिला. सोमवारी सारवायला तीच बसली, पण सगळं घर सारवून हिंदुस्थान तेवढा ठेवला. कोंडीबा गिरणीतून येतो तो आता कडेकडेनं चालतो. पोरीला एका शब्दानं चुकलं म्हणालेला नाही. तेवढं म्हणायला भंडारा उचलावा लागत नाही, तरी त्याला जमत नाही.

मारू नका असं मी कशाला सांगू? मी छडी, माझं कोण ऐकतंय! पण शपथ घ्याल तेव्हा घरातली माणसं नीट मोजा. मी माझ्या लेकराला कधी बोट लावलं नाही, असं चारचौघांत सांगणारे बाप मी ह्या खुंटीवरून पुष्कळ ऐकले. तसा कुणी भेटला तर त्याच्या तोंडाकडं बघू नका. त्याच्या मागं चुलीपाशी कोण बसलंय, तिची पाठ बघा.